लोखंडाचं खापर

पस्तीस वर्षं मी पारोळ्याच्या शाळेत भूगोल शिकवला. जगाचा नकाशा फळ्यावर न बघता काढायचो. काळा समुद्र कुठे, कॉकेशसच्या कुठल्या उतारावर पाऊस जास्त, अनातोलियाच्या पठारावर कोणतं पीक येतं, सगळं तोंडपाठ. पण स्वतःच्या पायांनी मी गेलो तो पश्चिमेला सुरतपर्यंत आणि उत्तरेला हरिद्वारपर्यंत. देशाबाहेर पडलो साठी उलटल्यावर, बायकोबरोबर, आणि तिथे असं काही झालं की नकाशा माझ्याकडेच राहिला आणि देश तिने पाहिले. त्याचा मला अजून हेवा वाटतो. हेव्यापायी मी एक गोष्टही केली, ती लिहून टाकावी म्हणून बसलोय.

माझा स्वभाव पहिल्यापासून जळका आहे, हे आधीच कबूल करतो. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर एका मे महिन्यात सिंगापूरला जाऊन आले आणि स्कूटरच्या किल्लीला तिथलं पितळी सिंहाचं तोंड लावून आले. ती किल्ली ते रोज स्टाफरूमच्या टेबलावर टाकायचे, बरोबर माझ्यासमोर. निवृत्त होईपर्यंत मी ते तोंड पाहिलं. सिंगापूर विषुववृत्तापासून किती अंशांवर आहे हे त्यांना सांगता येत नव्हतं. मला येत होतं. पण सिंह त्यांच्याकडे होता.

त्यामुळे पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने जॉर्जिया आणि तुर्कस्तानच्या दहा दिवसांच्या सहलीत आम्हा दोघांची नावं घातली, तेव्हा मी महिनाभर आधीपासून तयारीला लागलो. दोनशे पानी वही केली. नद्या, उंची, हवामान, अक्षांश-रेखांश. बायकोने तयारी केली ती एवढीच, की पेटीतून अर्धा डझन खण काढून बॅगेत तळाशी ठेवले.

"हे कोणाला?" मी विचारलं.

"कोनी ना कोनी ते भेटीच," ती म्हणाली.

ती भडगावजवळच्या, गिरणाकाठच्या खेड्यातली. शाळा चौथीपर्यंत. मी घरातही शाळेतलीच भाषा बोलतो. तिला ती सगळी कळते, पण तिच्या तोंडात काही ती बसली नाही. चाळीस वर्षं मी तिच्याशी माझ्या भाषेत बोलतो आणि ती मला अहिराणीत उत्तर देते. इंग्रजीचा तर प्रश्नच नाही. परदेशात हिला सांभाळायचं कसं, ही मला खरीच काळजी होती. विमानात बसल्यावर मी तिला सांगितलंसुद्धा, की माझा हात सोडू नकोस, आणि कोणी काही विचारलं तर माझ्याकडे बोट दाखव.

जॉर्जियात पोचलो आणि दुसऱ्याच दिवशी तिने माझा हात सोडला. राजधानीतला जुना बाजार होता. बसमध्ये मी आमच्या लोकांना कॉकेशसबद्दल दोन शब्द सांगू पाहत होतो, पण नाशिकचे एक गृहस्थ माझ्याच अंगावरून वाकून खिडकीतून फोटो काढत होते, म्हणून मी रागावून गप्प बसलो होतो. खाली उतरल्यावर समोरून एक भला माणूस येताना दिसला. शेजारून वाहणाऱ्या नदीचा नीट उच्चार त्याच्याकडून ऐकावा, म्हणून मी त्याला शुद्ध इंग्रजीत प्रश्न केला. त्याने माझ्याकडे कनवाळूपणे पाहिलं आणि सार्वजनिक संडासाची दिशा दाखवली.

मागे वळतो तर बायको नाही. आक्रोड दोऱ्यात ओवून द्राक्षांच्या आटवलेल्या रसात बुडवतात, तशा माळा विकणारी एक म्हातारी होती. तिच्या शेजारी, तिच्याच दुसऱ्या स्टुलावर, आमची ही बसलेली. म्हातारीने गुडघा उघडा केला होता आणि ही त्याला तेल कसं लावायचं, वरून खाली की खालून वर, ते दाखवत होती. एक अहिराणीत बोलतेय, दुसरी तिच्या भाषेत, आणि दोघींपैकी एकीलाही आपण एकमेकींना समजत नाही आहोत याची शंका आलेली नव्हती. मी हाक मारली तेव्हा म्हातारीने हिच्या पदरात ओंजळभर आक्रोड ओतले.

"काय बोलत होतीस एवढं?"

"तिनी मोठी पोर तिनाजोडे बोलत नही," ती म्हणाली. पोरीने अबोला धरलाय, आणि त्याने म्हातारीला झोप नाही.

"तुला कसं कळलं?"

"सांगं ना तिनी."

मी वही उघडली. त्या पानावर मी या देशातल्या सगळ्या नद्यांची लांबी लिहिली होती. ती बंद केली आणि एक आक्रोड मागून घेतला. चांगला होता, त्याचाही राग आला.

पुढचे दोन दिवस हेच. हॉटेलात सकाळी खोली झाडायला येणारी बाई हिच्या खांद्यावर हात ठेवून जायची. चर्चच्या दाराशी मेणबत्त्या विकणारीने हिचं मंगळसूत्र हातात घेऊन मणी मोजले. मी दगडाचा प्रकार ओळखत होतो, कमानीचं वय सांगत होतो, आणि माझ्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं. मला वाटायचं, ह्या देशांवर माझा हक्क आहे. मी त्यांच्यासाठी पस्तीस वर्षं घसा कोरडा केला आणि ओळख द्यायची वेळ आली तर हे देश माझ्या बायकोशी बोलायला लागले.

तुर्कस्तानात मात्र कळस झाला.

मऊ दगडाच्या, टोपी घातल्यासारख्या दिसणाऱ्या डोंगरांचा तो मुलूख. ज्वालामुखीची राख, वाऱ्या-पावसाने झालेली झीज. मी नववीच्या वर्गाला दर वर्षी शिकवलेला. दुपारच्या जेवणाला बस रस्त्यावरच्या एका खाणावळीशी थांबली. पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक बाई जमिनीवर बसून, बुटक्या गोल पाटावर, काठीसारख्या बारीक लाटण्याने पातळ रोट्या लाटत होती. शेजारी चुलीवर लोखंडाचा उपडा, घुमटासारखा तवा. बायको चालता चालता जागच्या जागी थांबली.

"आयका," तिने माझी बाही ओढली, "हाई ते आपलं खापरच शे!"

आमच्याकडे मांडे करायला चुलीवर मातीचं खापर उपडं ठेवतात. मांडा लाटत नाहीत. सैल भिजवलेल्या, ताणली जाणाऱ्या कणकेचा गोळा दोन्ही मुठींवर घेऊन नाचवतात, तो वाढत वाढत मनगटावर येतो, मग कोपरापर्यंत, आणि धोतराच्या पानासारखा पातळ झाला की खापरावर टाकतात. आमच्या हिचा हात त्यात असा बसलेला, की पारोळ्यापासून भडगावपर्यंत लग्नाघरी तिला बोलावणं यायचं. मी ते मांडे चाळीस वर्षं खाल्ले. त्यात विशेष काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

ती सरळ जाऊन त्या बाईसमोर मांडी घालून बसली. परवानगी नाही, काही नाही. परातीतला गोळा दाबून पाहिला, नाक मुरडलं आणि पाण्याची खूण केली. बाई हिच्याच वयाची असेल, समोरचा एक दात पडलेला, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. तिने हसत पाणी पुढे केलं. हिने मग कणीक मळली, पाण्याचे हबके मारले, उचलून उचलून पाटावर आपटली. बाई आधी खळखळून हसत होती, मग हसायची थांबली आणि पुढे सरकून बघायला लागली. गोळा ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला. तो मुरेपर्यंत दोघींनी बोटांवर पोरं मोजून घेतली, आणि हिने एक बोट जरा वेळ धरून मिटलं. आमची एक मुलगी लहानपणी गेली. ते हिने तिथे, ओळख होऊन पाव तास झालेल्या बाईला सांगितलं. माझ्याशी ती गेल्या वीस वर्षांत त्यावर एक शब्द बोललेली नाही.

पहिला मांडा करपला. "लोखंड शे," ती म्हणाली, "मातीना मायेक धीर नही त्याले." लोखंडाला मातीसारखा धीर नसतो, म्हणून तिने स्वतःच चुलीतली दोन लाकडं मागे ओढली. दुसरा मांडा मुठींवरून उठला, मनगटं, कोपर, आणि असा पसरला की पलीकडची चूल त्यातून दिसायला लागली. त्या बाईने दोन्ही हात गालांवर ठेवले. आत ओरडून तिने भांडी घासणाऱ्यांना, भाजी चिरणाऱ्यांना, सगळ्यांना बोलावलं. आमच्या बसमधले लोक ताटं सोडून आले. मोबाइल निघाले. बाई मोठ्याने काहीतरी म्हणाली, तसा आमचा वाटाड्या, पस्तिशीतला सडसडीत तुर्की माणूस, माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "ती म्हणते, तुमची बायको उस्ताद आहे." शब्द आपल्याकडचाच, अर्थही तोच.

मला कोणी उस्ताद म्हटलं नव्हतं. मी हातात थाळी घेऊन शेडच्या खांबाशी उभा होतो आणि माझा नुसता तिळपापड होत होता. आनंद व्हायला हवा होता, अभिमान वाटायला हवा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. वाटला नाही. वाटलं ते एवढंच, की ही इथे आली कशी, हिला आणलं कोणी, आणि या सगळ्यात मी कोण.

निघायची वेळ झाली तेव्हा हिने बॅगेतून खण काढून बाईच्या हातात ठेवला. बाईने आत जाऊन एक पांढरा रुमाल आणला, कडेला सुईने विणलेली बारीक फुलं असलेला, आणि तो हिच्या पदरावरून डोक्याला बांधला. लोक बसमध्ये चढले होते. हॉर्न वाजला. बाईने हिचा हात काही सोडला नाही. डोंगराकडे बोट दाखवत ती वाटाड्याशी भराभरा बोलायला लागली आणि त्याने ते सगळं इंग्रजीत मला सांगितलं. खाली आम्ही चौघंच होतो.

बाईचं घर त्या टेकडीमागे. उद्या तिच्या अंगणात आळीतल्या सगळ्या बाया हिवाळ्याच्या रोट्या करायला जमणार, दिवसभर. आमचा मुक्काम जवळच्याच गावात आहे हे तिला वाटाड्याने सांगितलं होतं. तिचा नवरा सकाळी गाडी घेऊन येईल, संध्याकाळी आणून सोडेल. पाहुणीला पाठवा. "तुम्ही हॉटेलवर आराम करा," वाटाड्या माझ्याकडे बघून हसला, "तिथे पुरुषांना काम नाही."

दुसऱ्या दिवशी आमच्या सहलीत फुग्यात बसून आकाशात जायचा कार्यक्रम होता. गुडघ्यांमुळे आम्ही दोघांनी नाही म्हटलेलं. म्हणजे आख्खा दिवस मोकळा. अडचण एकही नव्हती.

"काय म्हनी राहिनी ती?" बायकोने मला विचारलं. तिचा चेहरा असा होता, की बाईने काय म्हटलं असावं याचा तिला अंदाज आहे आणि फक्त माझ्या तोंडून ऐकायचं बाकी आहे.

"धन्यवाद म्हणतेय," मी म्हणालो. "सुखाने जा म्हणतेय."

आणि वाटाड्याला इंग्रजीत सांगितलं, की हिचे गुडघे दुखतात, तिला विश्रांती हवीय, जमणार नाही.

त्याने ते बाईला सांगितलं. बाईचं तोंड उतरलं. तिने मान हलवली, हिच्या गुडघ्याला हळूच हात लावला आणि हात सोडला. बायको बसच्या पायरीवर एक पाय ठेवून क्षणभर थांबली. मला माहीत होतं ती कशासाठी थांबलीय. पारोळ्यात दारावर बांगड्या विकायला आलेल्या बाईलाही ती घरात ये म्हटल्याशिवाय जाऊ देत नाही. मग ती वर चढली.

दुसरा दिवस आम्ही हॉटेलच्या खोलीत काढला. ती खिडकीशी बसून त्या टेकडीकडे बघत होती. टेकडीमागे त्या बाईचं घर आहे हे तिला माहीत नव्हतं, खिडकीतून दिसायला तीच टेकडी होती एवढंच. मी तिला ज्वालामुखीचा खडक कसा बनतो ते समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. त्या दिवशी ती माझ्याशिवाय कोणाशीच बोलली नाही, आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

घरी आल्यावर आठवडाभर लोक भेटायला येत होते. ती आक्रोडवाल्या म्हातारीचं सांगायची, खोली झाडणारीचं सांगायची, लोखंडाच्या खापराचं तर हातवारे करून सांगायची. आणि शेवटी प्रत्येक वेळी आवाज उतरायचा. "बठ्ठं चांगलं व्हतं व. पन तिनी एक डाव बी घर चाल म्हटं नही."

सगळं चांगलं, पण रोट्यावालीने एकदाही घरी चल म्हटलं नाही, ही त्या दहा दिवसांतली तिची एकच तक्रार. देशाबद्दल नाही, जेवणाबद्दल नाही, थंडीबद्दल नाही. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचो. एकदा कोणीतरी म्हणालं, असेल तिला घाई. तर ही म्हणाली, घाई असती तर रुमाल बांधायला थांबली नसती.

मधे शाळेने मला बोलावलं, मुलांना प्रवासाबद्दल दोन शब्द सांगा म्हणून. मी वही घेऊन गेलो. चाळीस मिनिटं बोललो. मागचे बाक जांभया देत होते. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं, तर आठवीतली एक मुलगी उभी राहिली. "सर, तुम्ही तिथे कोणाच्या घरी गेले होते का?" नाही म्हणालो. ती बसली. आणखी कोणाचा प्रश्न नव्हता.

तरी मी गप्पच राहिलो. मार्च आला, उन्हं तापली आणि आमच्या गच्चीवर बिबडे घालायला गल्लीतल्या बाया जमल्या. ज्वारीचं शिजवलेलं पीठ ओल्या फडक्यावर थापून पापडासारखं वाळवतात ते बिबडे. हे काम एकटीचं नाही, दरवर्षी आज हिच्या गच्चीवर तर उद्या तिच्या, असं चालतं. माझं काम पाण्याची बादली वर आणायची आणि कावळे हाकलायचे. मी काठी घेऊन कठड्याशी बसलो होतो. बोलता बोलता गोष्ट तुर्कस्तानावर आली, लोखंडाच्या खापरावर आली आणि नेहमीच्या जागी येऊन थांबली.

"तठल्या बाया तश्याच राहतस व अक्का," शेजारची म्हणाली. "काम व्हयनं का वाट लावी देतस."

काम झालं की वाटेला लावतात, असं. बाकीच्या हसल्या. आणि बायकोने मान डोलावली. त्या पडक्या दाताच्या बाईला, जिने हिच्या गुडघ्याला हात लावला होता, आमच्या गच्चीवर बिनमायेची ठरवलं गेलं आणि हिने ते मान्य केलं. ते मात्र माझ्याने ऐकवेना.

"तिने बोलावलं होतं," मी म्हणालो.

थापणारे हात थांबले. मी सांगितलं. टेकडी, अंगण, रोट्या, नवऱ्याची गाडी, वाटाड्याला मी काय म्हणालो ते, सगळं. का केलं हेही सांगितलं. सगळे तुझ्याकडे बघत होते, मला बघवलं नाही, असंच म्हणालो, पाच बायांच्या देखत. शेजारची उगाच फडकं नीट करत बसली.

बायकोने हातातला बिबडा पुरा थापला. कडा नीट केल्या. मग म्हणाली, "बठ्ठं सांगा. तिनी म्हटं तसं."

"सांगितलं ना."

"आखो काय म्हटं?" आणखी काय म्हणाली?

आणखी एक वाक्य होतं. वाटाड्याने ते मला सर्वांत शेवटी सांगितलं होतं आणि मी ते स्वतःलाही परत ऐकवलं नव्हतं. "म्हणाली," मी हातातल्या काठीकडे बघत सांगितलं, "की हिच्या हाताला एकदा माझ्या घरचं पीठ लागू दे."

ती उठली. पिठाचे हात बादलीत धुतले, जिना उतरून खाली गेली. मला वाटलं आता रडत बसेल, किंवा माहेरी निघेल, किंवा निदान वर येऊन मला चार शब्द सुनावेल; मी त्याची वाट बघत होतो. ती वर आली ती तो कडेला फुलं असलेला रुमाल डोक्याला बांधून. आजवर तिने तो घडीतून काढला नव्हता. जागेवर बसली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"येसू व माय," ती समोर बघत, अगदी जवळ कोणी बसलेलं असावं इतक्या हळू आवाजात म्हणाली. "येसू." येईन गं बाई, येईन.

आणि त्या वेळीही मला हेवाच वाटला. चाळीस वर्षांत त्या आवाजात ती माझ्याशी कधी बोललेली नव्हती, आणि चूक मी केली तरी उत्तर मला नव्हतंच. तिने तोंड केलं होतं पारोळ्याच्या किल्ल्याकडे, म्हणजे आमच्या गच्चीवरून आग्नेयेला. तुर्कस्तान वायव्येला आहे. सांगायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं.